तिसरा चौकोन खाली का पडला

लोकांना वाटतं, वेबसाइट एकदा बनवली की बनली. लग्नपत्रिका छापून आली की ती कल्याणला वाचा नाहीतर नाशिकला, गणपती वरच असतो आणि ‘आहेर आणू नये’ खालीच. वेबसाइटचं तसं नाही. आम्ही पान पाठवत नाही, पान कसं मांडायचं याच्या सूचना पाठवतो. समोरच्याच्या कॉम्प्युटरमधला ब्राउझर त्या सूचना वाचतो आणि तिथल्या तिथे पान मांडतो. फोनवर भाजीची कृती सांगावी तसं. कृती एक, पण प्रत्येक घरी भाजी वेगळी. माझं निम्मं आयुष्य या वेगळ्या भाज्या चाखण्यात गेलं.

भिवंडीत नारपोलीला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर माझं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, आणि खिडकीबाहेर चारी बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमची खटखट. नवीन ग्राहक आला की ओरडून बोलायचा, निघताना आवाजाची सवय झालेली असायची. ग्राहकही नाना तऱ्हेचे. एक ट्रान्सपोर्टवाले काका दर महिन्याला विचारायचे, रात्री साइट बंद करून जाता ना, उगाच लाइटबिल कशाला. एका बारदानवाल्यानं स्क्रीनला पट्टी लावून स्वतःचा फोटो मोजला होता, आणि तो भावाच्या फोटोपेक्षा लहान निघाल्यावर भावाचा कापायला लावला. मी दोघांनाही हो म्हटलं. या धंद्यात आधी हो म्हणायचं आणि मग काय करता येतं ते बघायचं.

मी यादीची बाई आहे. प्रत्येक साइटची एक यादी भिंतीवर असायची: फोटो, फोन नंबर, स्पेलिंग, पत्ता. शेवटी दोन रकाने, दोन ब्राउझरचे. एक निळ्या ‘ई’चा. तो कॉम्प्युटर विकत घेतानाच त्यात बसलेला असायचा आणि म्हाताऱ्या सासऱ्यांसारखा उठायचा नाही. दुसरा नवा, मी स्वतः आणून घातलेला. पान दोन्हींत उघडून बघितल्याशिवाय मी खूण करत नसे. बाहेर नव्वद टक्के लोक निळा ‘ई’च वापरायचे, असं आम्ही अंदाजानं म्हणायचो. माझा जीव मात्र नव्यावर होता. काम त्याच्यातच करायचे.

तर काशीनाथशेठ आणि इक्बालभाई.

काशीनाथशेठ आगरी, नारपोलीतली जमीन बापजाद्यांची. पूर्वी तिथे भात पिकायचा. आता त्या जमिनीवर पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये इक्बालभाईंचे लूम. जमीन एकाची, लूम दुसऱ्याचे, धंदा दोघांचा. आधी साधं कोरं कापड विणायचे. त्यात राम उरला नाही तेव्हा इक्बालभाईंनी पडद्याचं जाड, पट्ट्यापट्ट्याचं कापड काढलं. त्या दिवसांत आजूबाजूचे लूम भंगाराच्या भावानं टेम्पोत चढत होते, आणि कारागीर पिशव्या घेऊन गावाला निघाले होते. इक्बालभाईंना ते बघवत नसे. टेम्पो गल्लीतून जाताना ते माझ्या खिडकीला पाठ करून बसायचे.

शेठचा मुलगा नितेश याला शेड नको होती. वडप्याला त्याच्या मामांनी हायवेला लागून गोदाम बांधलं होतं आणि मामा आता खुर्ची टाकून ट्रक बघत बसतात, हे तो दर भेटीत सांगायचा. वेबसाइटचं पहिलं बोलणं माझ्या ऑफिसात झालं, त्याच दिवशी बाप-लेकांचं वाजलं. शेवटी शेठनी तिघांच्या समोर निकाल दिला.

“दिवाळीपरीन बघू. पडद्याची मोठी ऑर्डर आली तं शेड रातंल. नाय आली तं तुजं गोदाम. आता मना दोघांनी पन डोकं नका लावू.”

नितेश हसला. इक्बालभाईंनी माझ्याकडे बघितलं. वेबसाइट करणाऱ्या बाईकडे असं कुणी बघू नये.

ऑर्डर मुंबईच्या एका कंपनीकडून येण्याची आशा होती. घरसामानाची त्यांची बरीच दुकानं होती. त्यांच्या खरेदी विभागातल्या मॅडमनी सांगितलं होतं, नमुने नंतर, आधी वेबसाइटची लिंक पाठवा, साहेब त्याच्यावरून चार जणांना निवडतात. म्हणून ही वेबसाइट. पहिल्या पानावर कापडाच्या तीन जातींचे तीन चौकोन एका ओळीत, मोठे फोटो, त्याखाली धागा आणि वजन यांचा तक्ता. तिसरा चौकोन त्या नव्या पट्ट्यांच्या पडद्याचा. तोच विकायचा होता.

पान तयार झालं, यादीतल्या सगळ्या खुणा झाल्या, दोन्ही ब्राउझरांच्याही. दुसऱ्या दिवशी दसरा. शेठ म्हणाले, मुहूर्त करूनच नेटवर सोडायचं. ते नारळ, झेंडू आणि पेढे घेऊन आले. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावताना कीबोर्डवर पडेल म्हणून मी मध्ये हात धरून उभी होते. मग शेठ म्हणाले, पहिली ओळ मी लिहिणार, श्री लिहिल्याबगर आमच्यात कागदाला हात लावत नाहीत. नितेशनं कपाळाला हात लावला. कंपनीवाले हसतील, सायटीवर देवधर्म नको, असं त्याचं म्हणणं. खरं तर त्याचंही बरोबर होतं.

मी तोडगा काढला. पानाच्या सूचनांमध्ये काही खुणांच्या आत मजकूर लिहिला, तर ब्राउझर तो दाखवत नाही. आम्ही त्यात स्वतःसाठी टिपणं लिहितो. मी म्हटलं, तिथे लिहा. पानावर असेल, पण दिसणार नाही.

“देवाला तरी दिसंल ना?”

“देवाला दिसेल.”

मग शेठनी एका बोटानं, मराठी अक्षरं उमटवणं तेव्हा कटकटीचं म्हणून इंग्रजी अक्षरांत, सगळ्यात वर ‘श्री’ लिहिलं. लिहून झाल्यावर उठले आणि खुर्ची इक्बालभाईंच्या पुढे सरकवली. “तुमचा पन लिवा.” इक्बालभाईंनी हात रुमालाला पुसले आणि त्याखाली ७८६ लिहिलं. तो आकडा ते बिलावर लिहितात, ट्रकवर लिहितात, मी रोज बघते. मी दोन्ही ओळींना न दिसण्याच्या खुणा घातल्या, पान नेटवर सोडलं, माझ्या नव्या ब्राउझरमध्ये उघडून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनं देऊन झालं, पेढे वाटून झाले.

पुढच्या शुक्रवारी मी कल्याणहून येत होते. कोन गावाच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, जीपमध्ये आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि खरेदीच्या मॅडमचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. त्या म्हणाल्या, तुमचं पहिलं पान मोडलंय. सगळं डावीकडे गोळा झालंय, तिसरं कापड खाली पडलंय, तक्त्यातली अक्षरं ही एवढी मोठी. बाकीची पानं ठीक आहेत. पाच वाजता साहेब सगळ्यांच्या साइट बघणार आहेत. आमच्या ऑफिसात ब्राउझर बदलायची परवानगी नाही, तेव्हा दुसऱ्यात बघा असं कृपा करून सांगू नका. आणि शेवटी एक वाक्य, सहज:

“पानाची ओळ जुळत नसेल तर साहेब विचारणारच ना, पडद्याची कशी जुळेल म्हणून.”

जीप जागची हलत नव्हती. मी पिशवीतून कागद काढून गुडघ्यावर यादी करायला घेतली: काय असू शकेल, एक, दोन, तीन. अक्षरं मलाच वाचता येईनात. शेवटी कोन नाक्याला उतरून मी चालत सुटले आणि पुढे एक रिक्षा पकडली.

ऑफिसात पोचल्यावर निळ्या ‘ई’मध्ये पान उघडलं. मॅडमचं प्रत्येक अक्षर खरं होतं. सगळं पान डाव्या भिंतीला टेकलेलं, दोन चौकोन वर, आणि आपला पट्ट्यांचा पडदा पार खाली एकटा, रांगेतून हाकलून दिल्यासारखा. नव्या ब्राउझरमध्ये उघडलं तर पान पत्रिकेसारखं नीट. भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. दोन्ही रकान्यांत माझ्याच हातच्या खुणा. मी तपासलं होतं. मग मधल्या दिवसांत बिघडलं काय? पानाला कुणी हात लावला नव्हता.

शुक्रवारी नारपोलीत लूम बंद असतात. एरवी डोकं उठवणारी ती खटखट त्या दिवशी नव्हती, आणि मला माऊसची टिकटिक ऐकू येत होती. चार वाजता लोडशेडिंगमुळे लाइट जायची. म्हणजे पाच वाजता साहेब बघणार असले तरी माझ्यासाठी वेळ चारपर्यंतच.

अशा वेळी आमची एक पद्धत असते, ती सांगते. पानाची प्रत काढायची आणि त्यातला अर्धा भाग कापून टाकायचा. दुखणं गेलं तर ते कापलेल्या अर्ध्यात होतं. नाही गेलं तर उरलेल्या अर्ध्यात आहे. मग त्याचं पुन्हा अर्धं. विहिरीत पडलेली घागर गळानं शोधतात तसं, फक्त इथे विहीरच लहान लहान करत न्यायची. कंटाळवाणं काम आहे, पण फसत नाही. निदान तोवर फसलं नव्हतं.

नितेशनं हट्टानं घालायला लावलेली पळती पट्टी आधी काढली. मला मनातून वाटत होतं की तीच असावी. ती नव्हती. तक्ता काढला. पान डावीकडेच. तळाचा पत्ता काढला. फोटो काढले. चौकोनच काढले. डावीकडेच. अर्ध्याचं अर्धं करत करत पानावर एकच शब्द ठेवला, ‘नमस्कार’, मधोमध दिसायला हवा असा. निळ्या ‘ई’नं तो डाव्या कोपऱ्यात नेऊन उभा केला.

पानात काही उरलंच नव्हतं, आणि दुखणं होतं तसंच होतं.

एवढ्यात इक्बालभाई नमाजहून थेट वर आले, टोपी डोक्यावरच होती. मॅडमचा फोन त्यांनाही गेला होता. येऊन स्टुलावर बसले. थोड्या वेळानं शेठ आणि नितेश. नितेशनं आल्या आल्या सांगितलं की रविवारी गोदामाचा कंत्राटदार शेडचं माप घ्यायला येतोय, नुसतं माप, उगाच कुणी मनाला लावून घेऊ नये. तिघंही माझ्या मागे. पंख्याचं वारं मला लागेना.

मी एक नीट दिसणारं पान, ‘आमच्याविषयी’चं, शेजारी उघडलं आणि दोन्हींच्या सूचना ओळीला ओळ लावून बघायला लागले. ही ओळ सारखी, ही सारखी, ही सारखी. वेगळ्या फक्त दोन. सगळ्यात वरच्या.

मी दुपारभर सगळं कापत आले होते आणि त्या दोन ओळींना हात लावला नव्हता. विसरले म्हणून नव्हे. त्या मला दिसतच नव्हत्या. पत्रिकेची चूक शोधताना वरचा गणपती कुणी तपासत नाही. श्री कुणी खोडतं का?

आता खोडायची वेळ आली होती आणि मागे ते तिघं उभे होते. हे शहर भिवंडी आहे. माझ्या वयाच्या माणसाला इथे संचारबंदी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दोन ओळींतली आधी कुठली काढू? जी काढल्यावर पान नीट होईल, ती दोषी ठरणार. संध्याकाळपर्यंत ते शेडवर जाईल, रविवारी कंत्राटदारापर्यंत. माझ्या यादीत अशा कामाला ओळ नव्हती. पण गप्प बसून वेळ जात होता, म्हणून सांगून टाकलं, की दुखणं मुहूर्ताच्या दोन ओळींपाशी दिसतंय, एकेक काढून बघावी लागेल.

नितेश पटकन म्हणाला, “मग ते आकडे काढून बघा ना आधी.”

“नित्या, गप ऱ्हा.”

“मी काय बोललो? टेस्टिंग सांगतोय.”

इक्बालभाई स्टुलावरून उठले आणि माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, पहले मेरा निकालो.”

मी ७८६ काढलं. पान पुन्हा उघडलं. ‘नमस्कार’ डावीकडेच. इक्बालभाईंनी धरलेला श्वास सोडला तो मला मानेवर लागला. ७८६ परत घातलं, श्री काढलं. डावीकडेच. आता शेठनी श्वास सोडला.

“मतलब दोनों बराबर के मुजरिम,” इक्बालभाई म्हणाले. शेठ हसले. त्या दिवशी त्या खोलीत तेवढंच एक हसू झालं.

मग मी दोन्ही काढल्या. ‘नमस्कार’ उडी मारून मधोमध आला.

इथे मला आनंद व्हायला हवा होता. पण मागून शेठ सावकाश बोलले.

“म्हंजे देव काडून टाकला तवा ठीक जालं.”

“बाबा, याच्यातून समजा काय ते,” नितेश म्हणाला. “दोघांचे देव एका कागदावर राहत नाय. मशीनला पण कळलं.”

इक्बालभाईंनी टोपी काढून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा टेम्पो बघताना व्हायचा तसा झाला. मला घड्याळ दिसत होतं, तरी मी कीबोर्डवरून हात काढले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. पान नंतरही दुरुस्त झालं असतं. ते वाक्य तसंच हवेत राहिलं असतं तर त्याला कुणाकडे दुरुस्ती नव्हती.

मी सांगितलं ते असं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला आम्ही एक ठरावीक ओळ लिहितो. ती ब्राउझरला सांगते, की हे पान नव्या मापानं मोजा. निळा ‘ई’ जुना आहे, त्याच्याकडे दोन मापं आहेत, जुनं आणि नवं. ती ओळ अगदी पहिली दिसली तरच तो नवं माप काढतो. तिच्या आधी काहीही दिसलं, न दिसण्याच्या खुणांतलं टिपण असलं तरी, तो समजतो पान जुन्या जमान्यातलं आहे आणि जुनं माप काढतो. तिथे तुम्ही माझं नाव लिहिलं असतं तरी हेच झालं असतं. शिवी लिहिली असती तरी हेच. नवा ब्राउझर टिपणं ओलांडून ती ओळ शोधतो, म्हणून त्याच्यात बिघडलं नाही.

“मापं दोन कशी असतील? फूट तो फूट,” शेठ म्हणाले.

मी म्हटलं, चौकोनाची रुंदी नव्या मापात आतल्या मजकुराची धरतात, भोवतीची मोकळी जागा वेगळी. जुन्या मापात मोकळी जागाही त्याच रुंदीत धरतात. म्हणजे जागा कमी पडते आणि...

“पन्हा,” इक्बालभाई मध्येच म्हणाले. “सेठ, पन्हे का झगड़ा है ये. किनार पकड़के नापो या किनार छोड़के नापो. हमारा रोज का झगड़ा.”

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि किनार म्हणजे दोन्ही बाजूंची घट्ट विणलेली पट्टी. किनार धरून मोजायचं की सोडून, यावर व्यापारी आणि कारखानदार पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत. मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं. शेठनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत आता गोष्ट उतरली होती.

“अस्सं. म्हंजे देवाचा काय नाय. ती लाइन पैली पायजे.”

“हो.”

“मंग देव तिच्या खाली टाक ना, ताय. वडप्याला गोदामाव जा, फाटकात पैला वाच्मन बसलेला असतो. देव्हारा आतमंदी. देव कोन फाटकाभायेर उभा करतो?” मग मुलाकडे वळून, “तुज्या मामाकडं पन तसाच हाय ना रं?”

नितेश खिडकीकडे गेला.

मी ओळी खाली घ्यायला लागले, तर शेठनी पुन्हा थांबवलं. आता वर कुठली? त्यांचं म्हणणं, मागच्या वेळी माझा वर होता, या वेळी इक्बालचा वर टाक. इक्बालभाई नको म्हणाले, जमीन तुमची, पहिलं तुमचं. पुन्हा तुमचं, पुन्हा तुमचं. हॉटेलात बिलावरून ओढाताण चालते तशी. घड्याळ चारकडे सरकत होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दोन ग्राहकांवर ओरडले.

“एक ही लाइन में डाल दो, मॅडम,” इक्बालभाई म्हणाले. “बगल-बगल में.”

तसं केलं. पहिली ती ठरावीक ओळ, आणि तिच्या खाली एकाच ओळीत श्री आणि ७८६. मग मूळचं पान परत आणलं, चौकोन, फोटो, तक्ता, पळती पट्टीसुद्धा. निळ्या ‘ई’मध्ये उघडलं. तीन कापडं एका रांगेत उभी राहिली. नव्यात उघडलं, तसंच. पान वर चढवायला घेतलं. चढवणं म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरचं पान नेटवरच्या कॉम्प्युटरवर पाठवणं. हिरवी पट्टी सरकायला लागली, आणि लाइट गेली.

कॉम्प्युटर बॅटरीवर होता, तो ओरडत चालू राहिला. पण ज्या डब्यातून इंटरनेट यायचं तो बॅटरीवर नव्हता. त्याचे दिवे विझले. पट्टी पूर्ण झाली होती की नव्हती, ते मला दिसलं नाही. अर्धवट चढलेलं पान मोडलेल्या पानापेक्षाही वाईट. तिथे कापडं नव्हेत, नुसतं पांढरं दिसू शकतं.

खरेदीच्या मॅडमना फोन लावला, तो लागेना. सायबर कॅफेत जावं तर त्याचीही लाइट गेलेली. पंखा थांबला होता. चौघंही घामानं भिजलो होतो आणि कुणी उठत नव्हतं. नितेशसुद्धा खिडकीपाशी उभा राहून मोबाइल उघडमीट करत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, “मॅडम, तो नेटचा डबा पण बॅटरीवर टाकून घ्या.” बरोबर बोलला. मी दुसऱ्या दिवशी टाकला.

पाच वाजून गेल्यावर फोन आला. मी तो शेठकडे दिला नाही, इक्बालभाईंकडेही नाही, स्वतःच घेतला. मॅडम म्हणाल्या, आता नीट दिसतंय. साहेबांनी तिसऱ्या कापडाचा नमुना मागवलाय, सोमवारी पाठवा.

मी ते मोठ्यानं म्हणून दाखवलं. इक्बालभाई स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. शेठ नितेशला म्हणाले, “कंत्राटदाराला सांग, आयतवारी येऊ नको. मापाला काय हाय इथं?”

नमुन्यानंतर ऑर्डर आली. अगदी मोठी नाही, पण शेड राहण्यापुरती. कारागीर दिवाळीनंतर गावाहून परत आले. नितेश बरेच महिने माझ्या जिन्याची पायरी चढला नाही. माझ्या यादीत शेवटच्या दोन रकान्यांच्या खाली एक नवी ओळ आली: मुहूर्तानंतर पुन्हा बघणे. पुढे माझ्याकडे कामाला आलेल्या मुली ती वाचून हसायच्या. पान तपासून झाल्यावर त्यात स्वल्पविराम घातला तरी तो बदल असतो, हे मला माहीत होतं. श्री लिहिणं हाही बदल असतो, हे नव्हतं.

शेड कायमची राहिली असं मी लिहू शकले असते तर बरं झालं असतं. शेठ होते तोवर राहिली. ते गेल्यावर काही काळानं तिथे गोदाम झालं. नितेशनं इक्बालभाईंना लूम हलवायला पुरेसा वेळ दिला, हेही सांगायला हवं. पण हलवायला जागा नव्हती. टेम्पो आले तेव्हा इक्बालभाई या वेळी पाठ करून बसले नाहीत, स्वतः उभे राहून एकेक लूम चढवून दिला, असं मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलं.

त्यानंतर ते एकदा माझ्याकडे आले. वेबसाइट बंद करायची होती, फोन उगाच येतात म्हणाले. तोवर निळा ‘ई’ जवळजवळ नाहीसा झाला होता. मुहूर्ताची ओळ आता कुठेही ठेवली असती तरी चाललं असतं. मी बंद करायला पान उघडलं, तर त्यांनी विचारलं, ती आपली ओळ अजून आहे का? त्यांनी ती त्या शुक्रवारनंतर कधी पाहिलीच नव्हती. मी पानाच्या पोटातल्या सूचना उघडून दाखवल्या. वर ती ठरावीक ओळ, खाली बगल-बगल में श्री आणि ७८६.

ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी स्क्रीनवर त्या ओळीखालून बोट फिरवलं, कापडाच्या काठावरून फिरवतात तसं.

“किनार है, मॅडम,” ते म्हणाले. “नाप में कोई नहीं गिनता. लेकिन उसके बिना कपड़ा उधड़ जाता है.”

बंद करू का, मी विचारलं. करा म्हणाले. मी पान नेटवरून उतरवलं. भिंतीवरच्या यादीत त्या कामापुढे खूण करायला पेन उचललं होतं, ती अजून केलेली नाही.